पहिल्या मोहिमेत अडकलेले मुकादम

धारूरला नव्याने निघालेल्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये चार शिपायांची तुकडी चालवायचा एक गेम होता. गेम चांगला होता. आधी नकाशावर बेत आखायचा, मग हुकूम द्यायचा. शिपाई तो मुकाट्याने पाळायचे. खोट एवढीच की हुकमापलीकडे त्यांना काडीची अक्कल नव्हती. दारातच उभे राहून एकमेकांची वाट अडवायचे. मी कीबोर्ड आपटायचो.

शेजारचे मुकादम पावसाळ्यात येऊन खेळत. हंगामात ते ऊसतोडीची टोळी घेऊन कारखान्यावर जात, त्यामुळे माणसं हलवण्यात तरबेज. पण एक शिपाई मेला की उरलेल्या तिघांना प्रेताजवळ आणून उभं करत आणि माउस सोडून देत.

"फडात मानूस गेलं की त्या दिशी कोयता चालत न्हाई."

गेममध्ये तशी सोय नव्हती. वेळ संपायची, आम्ही हरायचो. पहिली मोहीमसुद्धा पार झाली नाही.

दिवाळीनंतर ते टोळी घेऊन गेले आणि मी एकट्याने साऱ्या मोहिमा उरकल्या. शेवटच्या मोहिमेत चारातला एकच शिपाई उरला, तरी पडद्यावर अभिनंदन आलं.

उन्हाळ्यात ते परतल्यावर मी जिंकल्याचं सांगितलं.

त्यांनी विचारलं, "माघारी किती आले?"