दादाच्या वाटणीचा अ‍ॅम्प्लिफायर

माझा मोठा भाऊ पेणला राहतो आणि मी रोह्याला, पुलापलीकडे अष्टमीत. अंतर फार नाही, पण वडील गेल्यावर आम्ही ते पुष्कळ वाढवलं. वडिलांचा लग्नकार्याला लाऊडस्पीकर पुरवायचा धंदा होता. वाटणीत त्यांचा जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर दादानं घेतला आणि हत्यारांची पेटी माझ्याकडे सरकवली. वडिलांच्या हाताखाली त्या यंत्राची दुरुस्ती शिकलो मी. दादानं त्याचा एक स्क्रूसुद्धा कधी फिरवला नव्हता. तरी हट्टानं घेतला, मला मिळू नये म्हणूनच. त्याबद्दल मी त्याच्यावर अजून दात धरून आहे.

गणपती जवळ आले तेव्हा त्याचा फोन आला. ख्यालीखुशाली नाही, काही नाही. "त्यो डबा घुमतोय. आरतीला लावता येत नाय. येऊन बघ, नायतर परवा भंगारवाल्याला देतो." मी म्हटलं, भंगारात घालण्यापेक्षा मला दे. "माझ्या वाटणीचा हाय," म्हणाला आणि फोन ठेवला. म्हणजे दुरुस्त झाला तर त्याचा, नाही झाला तर भंगारवाल्याचा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तरी दुसऱ्या दिवशी पेटी स्कूटरला बांधली आणि हायवेच्या खड्ड्यांना आणि दादाला सारख्याच शिव्या देत पेणला पोचलो.

वहिनीनं चहा दिला. दादानं माझ्या पाठीमागेच खुर्ची मांडली आणि सुरू झाला. पेणच्या मेकॅनिकनं कंडेन्सर बदलले तरी फरक नाही, जुना माल तो जुनाच, वगैरे. मी आवाजाचं बटण पार खाली फिरवलं, तरी घुमणं तसंच. स्पीकरला कान लावला तर तो जवळजवळ गप्प. घुमत होता तो अ‍ॅम्प्लिफायरच. वरची जाळी काढून पेन्सिलीनं काचेच्या एकेका व्हॉल्व्हला हलकेच टिचकी मारली, त्यांचं काही नव्हतं. मग लाकडी पट्टीचं एक टोक ट्रान्सफॉर्मरवर टेकवलं आणि दुसरं कानाशी धरलं. आत कुणीतरी दातओठ खात बसल्यासारखा आवाज येत होता. पट्टी दाबली की थांबे, सैल सोडली की पुन्हा सुरू.

"काय ऐकतोस? डॉक्टर हायस काय?" दादा मागून म्हणाला.

बोल्ट आवळले. घुमणं कमी झालं, पण बारीक खरखर राहिलीच. इथंच घोडं पेंड खात होतं. प्लग काढला, कंडेन्सरमधला करंट उतरवला आणि ट्रान्सफॉर्मरवरची पत्र्याची टोपी सोडवली. ती उलटी करताच तांदूळ सांडले. काही पिवळे, काही काळे पडलेले, काही कुंकवानं एकमेकांना चिकटलेले. कित्येक दसऱ्यांच्या अक्षता होत्या त्या. वरच्या जाळीतून पडून टोपीच्या फटीत शिरलेल्या, आणि पत्रा थरथरला की आत नाचणाऱ्या.

मी त्या अक्षता कागदावर गोळा करून दादापुढे धरल्या. "पोरांनी टाकल्या असतील," तो म्हणाला.

"पोरं कुठली, भावजी," वहिनी दारातून म्हणाली. "दसऱ्याला हेच पूजा करतात. आमाला हातसुद्धा लावू देत नाय."

दादानं तिच्याकडे असं पाहिलं की ती आत निघून गेली. मला हसू यायला हवं होतं. आला तो संताप. डबा डबा म्हणत मला धावडवलं, आणि स्वतः दर वर्षी त्याच डब्याला हळदकुंकू वाहत होता.

जाळीतून अक्षता टाकायला कुणी सांगितलं, मी विचारलं. "बाबा आतच वाहायचे. मी बघितलंय." बघितलं होतं, खरं आहे. पण वडील आधी जाळी काढायचे, मग आत अक्षता वाहायचे, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ब्रशनं सगळं झाडून जाळी पुन्हा बसवायचे. पूजेला दादा हजर असायचा. झाडायला मी. हे त्याला मी चांगलं टोचून सांगितलं. त्यानं खुर्ची पुढे ओढली.

टोपीखाली रबरी वायसर घालून सगळं जोडलं आणि चालू केलं. व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले. घुमणं गेलं होतं. दादानं वाकून अ‍ॅम्प्लिफायरला कान लावला आणि बराच वेळ तसाच राहिला.

"भंगारवाल्याला फोन कर, येऊ नको म्हणून," मी म्हटलं.

त्यानं फोन उचलला नाही. तेव्हा मला कळलं, भंगारवाला कुणी बोलावलाच नव्हता.

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येऊन झाडून जायाचं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. त्याच्या तोंडून आमंत्रण निघत नाही, हुकूमच निघतो. मी हो म्हटलं नाही. पेटी आवरली, स्कूटरला बांधली. वडिलांचा ब्रश मात्र पेटीत घातला नाही, अ‍ॅम्प्लिफायरवरच ठेवून आलो. तो आणायला मला जावं लागणार आहे, आणि मी रागातच जाणार आहे.