तेरेझा आणि काजू उतलेली बोटं

तेरेझा गेली हे कळलं तेव्हा मी तिच्याशी भांडायलाच निघालो होतो. सकाळचा चहा झाल्यावर शर्ट चढवला, काय काय बोलायचं ते वाटेत घोकलं आणि तिच्या फाटकाशी पोचलो, तर तिची भाची सबीना पायरीवर बसलेली. मला बघून ती उठली नाही. “मास्तर, आंटी गेली... पहाटे, झोपेतच,” एवढंच म्हणाली. माझ्या तोंडात भांडणाची पहिली तीन वाक्यं तयार होती. ती गिळावी लागली, आणि खरं सांगतो, अजून ती पुरती पचलेली नाहीत.

परवा चर्चमध्ये तिचं महिन्याचं मिस झालं, म्हणजे मृत्यूनंतरची प्रार्थना. पाद्री तरुण आहेत, मालवणात नवे आहेत. त्यांनी तिचं वर्णन ‘शांत स्वभावाची भगिनी’ असं केलं, तेव्हा मागच्या बाकावर मला हसू आवरेना. साठ वर्षांच्या ओळखीत मी तेरेझाला शांत झालेलं दोनदाच पाहिलं. त्यातल्या एका वेळेला कारण मीच होतो. ते पुढे सांगतो.

आम्ही एका वर्गात होतो. मी इथेच गणिताचा मास्तर झालो, ती मुंबईला जाऊन कारखाने तपासणारी अधिकारी झाली. त्या काळात या कामावर बाई म्हणजे मालकांना गंमत वाटायची. पंख्याखालची खुर्ची, थंड पेय, गोड बोलणं. तेरेझा खुर्चीवर बसायचीच नाही. आधी बायकांचा संडास कुठे आहे तो दाखवा म्हणायची, मग भिंतीवरची प्रथमोपचाराची पेटी उघडायला लावायची. एका पेटीत तिला उदबत्तीचे पुडे आणि मालकाच्या कपबशा सापडल्या होत्या. तिने पंचनाम्यात तसंच लिहिलं, ‘जखमेवर लावण्यासाठी उदबत्ती उपलब्ध’. त्या मालकाने वरपर्यंत तक्रार केली आणि तेरेझाची बदली झाली. नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी तिने पुन्हा पेटी उघडायला लावली.

निवृत्त होऊन ती गावी आली तेव्हा वाटलं, आता बाई मासे आणील, माडाला पाणी घालील, गप्प बसेल. कसली बसते... कामाच्या जागची सुरक्षितता आणि आरोग्य या विषयावर देशाचा एक आढावा तयार होत होता. कोणत्या कामात कोण माणसं आहेत, ती कशाने जखमी होतात, कशाने आजारी पडतात, कायदा त्यांच्याबद्दल काय सांगतो, तपासायला कोण जातं आणि कुठे कोणीच जात नाही, हे सगळं त्यात एका ठिकाणी यायचं होतं. आमच्या किनाऱ्याचं टिपण तो आढावा करणाऱ्या दिल्लीतल्या समितीने तिच्याकडे मागितलं. ती कागद घेऊन थेट माझ्या ओटीवर आली. “ह्यो देशाचो पंचनामो आसा, मास्तर. मेलेल्यांचो नाय, जित्यांचो,” म्हणाली, “तुका गणित येता. चल.” मला विचारलंबिचारलं काही नाही.

होडीवरची माणसं झाली, चिऱ्याच्या खाणी झाल्या, देवगडात आंब्याच्या झाडांवर चढणारे झाले. काजूकडे आम्ही सर्वांत शेवटी वळलो. कुडाळपासून सावंतवाडीपर्यंत घराघरांत बायका काजू फोडतात. व्यापाऱ्याचा माणूस भाजलेल्या बियांचं पोतं टाकून जातो, दोन दिवसांनी गर घेऊन जातो. ही घरं कारखान्यात मोडत नाहीत, त्यामुळे या बायका कामगारांतही मोडत नाहीत. म्हणजे कागदावर त्या नाहीतच. तेरेझाला त्या कागदावर हव्या होत्या, बाकी तिला काही नको होतं.

घरोघर जायचं काम माझ्याकडे होतं. मी माझ्या स्वभावाप्रमाणे आखीव तक्ता केला. नाव, वय, किती वर्षं काम, आणि ‘कामात इजा झाली का?’ वालावल आणि आजूबाजूच्या वाड्या पालथ्या घातल्या, एक घर सोडलं नाही. इजेच्या रकान्यात ओळीने ‘नाही’ आलं. मी तक्ता तिच्यासमोर ठेवला आणि शाबासकीची वाट बघत बसलो. तेरेझाने पानं उलटली आणि ती शांत झाली. मग म्हणाली, “मास्तर, तू तेंचे हात बघलंस?”

खरं सांगायचं तर बघितले होते. लहानपणापासून बघतोय. माझ्या आईचेही तसेच होते. म्हणूनच दिसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर वालावलीला आली. शेवंती म्हणून एक बाई, पन्नाशीची, पडवीत राख चोळलेल्या हातांनी बिया फोडत बसलेली. तेरेझा तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि तक्ता बाजूला ठेवून तिने शेवंतीचे हात हातात घेतले.

“काजू उतलो काय गो कधी?”

शेवंती हसली. “तो उतताच मगे. तेका काय इचारूचा?”

आणि मग ती बोलत सुटली. काजूच्या तेलाने कातडी कशी जळते, बोटं कशी सुजतात, भात कालवताना कशी आग होते, लेकीच्या लग्नात हात पदराखाली कसे लपवले. हातमोजे घातले तर गर फुटतो म्हणून व्यापाऱ्याचा माणूस ओरडतो. तिचं हे सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं, मग इजा नाही असं का सांगितलंस? तर ती माझ्याकडे बघतच राहिली. “इजा म्हणजे पडला, झडला, हाड मोडला. ह्या तसा खंय? माझ्या अंगाक काजू सोसना नाय, तेका कोण काय करतलो?” आमच्या भागात काजू ‘उततो’, आणि तो ज्याला उततो त्याच्या अंगाचा तो दोष. अपघात, आजार, इजा यांतला एकही शब्द त्याला लागत नाही. मी मालवणचा, मी तरी वेगळा काय विचार केला होता?

सगळी घरं पुन्हा केली. या वेळी एकच प्रश्न विचारला, शेवंतीला विचारला तोच. ‘नाही’चे रकाने ‘हो’ने भरले. तेरेझाने टिपण पाठवलं. आठवड्याने समितीच्या कार्यालयातून फोन आला. आवाज सभ्य होता, भाषा शुद्ध होती. “मॅडम, या तक्रारी झाल्या. नोंदी कुठे आहेत? दवाखान्याचे कागद?” तेरेझाने सांगितलं की हात जळला म्हणून दवाखान्यात जाणारी बाई अख्ख्या वाडीत नाही. “मग हा भाग वगळावा लागेल,” तो आवाज म्हणाला. ती म्हणाली, “वगळून दाखवा,” आणि फोन ठेवला.

त्याच कार्यालयाच्या नियमाप्रमाणे प्रत्येक बाईचं संमतीपत्र लागणार होतं, सही किंवा अंगठा. आम्ही शाईचा पॅड घेऊन निघालो. शेवंतीने अंगठा टेकवला. कागदावर काळा गोळा उमटला. आत एकही रेघ नाही. दुसरा अंगठा, तोच प्रकार. “रेशनच्या मशीनीक पण माझो आंगठो गावना नाय,” ती म्हणाली, “लेकाक घेवन जावचा लागता.” तेरेझा त्या कागदाकडे बघत राहिली. ही ती शांत झाल्याची दुसरी वेळ. मग तिने मला सांगितलं, प्रत्येकीचे दहाही ठसे घे, हीच आपली नोंद.

ही बातमी व्यापाऱ्याच्या माणसाला लागली. ज्या घरांनी अंगठे दिले त्यांना पोतं मिळणार नाही, असं तो सांगत फिरू लागला. इथे मी कच खाल्ली. तेरेझाला म्हटलं, कागद मागे घे, कोणाच्या चुलीशी खेळू नको. ती म्हणाली, “मिया सगळ्यांक इचारलंय. तू इचारलंस?” त्याच संध्याकाळी तिने ठशांचे कागद टपालाने पाठवून दिले आणि मला नंतर फोनवर सांगितलं. याच गोष्टीवरून मी दुसऱ्या दिवशी सकाळी भांडायला निघालो होतो. तिच्या फाटकाशी काय झालं ते वर लिहिलंच आहे.

दफन झाल्यावर काही दिवसांनी मी एकटाच वालावलीला गेलो. आयुष्यात पहिल्यांदा तक्त्याशिवाय. शेवंतीला विचारलं, तुझे कागद परत मागवू का? पोती खरंच थांबली होती. शेवंती दुसऱ्यांच्या बागेत कामाला जात होती. तिने मान हलवली. “नको. बायेन माझे हात हातात घेवन बघल्यान. आता ते दिल्लीक पण बघूंदेत.” मी तिच्या पडवीत रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

मिसानंतर सबीनाने मला घरात बोलावलं. समितीचं पत्र आलं होतं. तेरेझाची खोली आहे तशीच आहे. टेबल खिडकीला लावलेलं, खुर्ची लाकडी आणि मुद्दाम गादीशिवाय, कारण गादीवर बसून कडक पत्र लिहिता येत नाही असं तिचं म्हणणं. आलेल्या पत्राला त्याच दिवशी त्याच खुर्चीवर बसून उत्तर द्यायचं, ही तिची रीत. मी पत्र उघडलं. त्यात एवढंच होतं: ‘सोबत पाठविलेले ठसे अस्पष्ट आहेत. तरी ते पुन्हा घेऊन पाठवावेत.’

मी दोनदा वाचलं. सबीना म्हणाली, “मास्तर, आता काय करूचा?” मी त्या खुर्चीवर बसलो. पाठ दुखली. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासून जे अक्षर कमावलं, त्या अक्षरात लिहिलं:

‘ठसे स्पष्ट आहेत. बोटंच तशी आहेत. पुन्हा घेतले तरी असेच येतील. शंका असल्यास आपल्यापैकी कोणीही वालावलीस यावं, पडवीत बसून महिनाभर काजू फोडावेत आणि मग याच कागदावर, या बायकांच्या ठशांशेजारी, स्वतःचा अंगठा उमटवावा. जागा सोडून ठेवली आहे.’