दोन सूर्यांचा शर्ट

चष्म्याच्या दुकानाचे मालक गेली एकवीस वर्षं पांढरे शर्ट घालत आले होते. अकरा शर्ट, एकाच शिंप्याने शिवलेले, एकाच मापाचे. माणूस अचूकतेचा भोक्ता. दोन बुबुळांमधलं अंतर मोजायची छोटी पट्टी कायम खिशात; घरी कॅलेंडर जरा तिरकं दिसलं तरी ती बाहेर यायची. म्हणून आजूबाजूचे दुकानदार त्यांना पाठीमागे 'मिलीमीटर' म्हणत. बायको तेच तोंडावर म्हणायची.

त्या वर्षी दुकानदारांनी 'उन्हाळी आठवडा' करायचं ठरवलं. पुढाकार शेजारच्या झेरॉक्सवाल्या बाईंचा. त्यांनी दारात उभं राहून फर्मान सोडलं, "सोमवारपासून सगळ्यांनी रंगीत घालायचं. आणि चष्मेवाले, पांढरा धरला जाणार नाही."

"पांढऱ्यात सातही रंग असतात, बाई."

"असू देत ना. जरा बाहेर काढा."

हे त्यांना लागलं. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की आपण शर्ट स्वतः रंगवणार. बांधणीचा. छातीवर मधोमध एक उन्हाळी सूर्य, भोवती किरणं.

"अहो, विकत मिळतो की," बायको म्हणाली.

"विकतच्याचा सूर्य मध्यावर नसतो."

तिने मोरीतली जुनी बादली काढून दिली आणि टॉवेल उचलून आत नेले.

रंगाच्या पुडीबरोबर एक चिठोरं आलं होतं. त्यावर लिहिलं होतं : 'कापड हवं तसं चुरगळा.' मिलीमीटर तिथेच अडले. हवं तसं म्हणजे कसं? किती? कुठल्या दिशेने? त्यांनी ते वाक्य तीनदा वाचलं, मग पेन्सिलने खोडलं आणि पट्टी काढली. शर्टाची बटणं लावली, दोन्ही बाजू सारख्या याव्यात म्हणून तो बटणपट्टीवर उभा दुमडला, दुमडलेल्या भागाच्या मधोमध, छातीच्या उंचीवर खूण केली, चिमटीत धरून कापड वर ओढलं आणि दर बारा मिलीमीटरवर एकेक रबर चढवलं. सतरा रबरं. एक तुटून थेट भिंगावर आदळलं. "म्हणून चष्मा घालावा," ते स्वतःशीच म्हणाले.

हातमोजे नव्हते, म्हणून हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. उजव्या पिशवीला भोक होतं. सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या बोचक्यावर पिवळा, केशरी आणि लाल रंग ओतून झाला तेव्हा त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत केशरी झाला होता. बोचकं प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्यांनी ते खिडकीत, उबेला ठेवलं. चोवीस तास कुणी हात लावायचा नाही, असं घरभर सांगून आले. घरभर म्हणजे बायकोला. त्यांच्याकडेच राहणाऱ्या सासूबाई तेव्हा झोपल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुकानात एका बाईंच्या नाकावर फ्रेम चढवायला त्यांनी हात पुढे केला, तर बाई खुर्चीसकट मागे सरकल्या. "गाजरं किसत होतात का हो?" त्यांनी विचारलं. मिलीमीटर दिवसभर डाव्या हाताने काम करत राहिले.

संध्याकाळी घरी आले, तर खिडकी रिकामी.

"बोचकं कुठाय?"

बायकोला ठाऊक नव्हतं. सासूबाई खुर्चीत बसून पेपर नाकाला लावून वाचत होत्या. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. नवा चष्मा अर्थातच जावयाने स्वतःच्या हाताने बनवून दिला होता, त्याला आता चार महिने झाले होते.

"कसलं बोचकं?" त्या म्हणाल्या. "खिडकीत कुणीतरी लाल कोबी ठेवला होता. उन्हाने सुकला असता म्हणून मी फ्रीजमध्ये टाकला."

मिलीमीटर फ्रीजकडे धावले. भाजीच्या खणात, काकड्यांना खेटून, त्यांचा सूर्य गारठला होता.

"आई, हा शर्ट आहे हो! कोबी कसा वाटला तुम्हाला?"

"तुम्हीच दिलेल्या चष्म्यातून पाहिलं मी, जावईबापू," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "त्यातून जे दिसतं ते दिसतं."

हसू दाबण्यासाठी बायकोने तोंड फिरवून गॅसचं बटण उगाच पुसायला घेतलं. मिलीमीटरांना मात्र शर्टाचा विसर पडला. एकवीस वर्षांत त्यांच्या चष्म्याबद्दल असं कुणी बोललं नव्हतं.

"म्हणजे नीट दिसत नाही?"

"दिसतं की. जिन्याच्या पायऱ्या दुप्पट दिसतात, एवढंच. म्हणून मी खाली जायचं सोडलं. आणि समोरच्या बाल्कनीतल्या बाईंशी चार महिने मान हलवून बोलते. त्या कधीच उत्तर देत नाहीत."

"आई, ती त्यांची केरसुणी आहे," बायको म्हणाली. "उलटी ठेवलेली."

"तरीच! मला वाटलं, फार शिष्ट आहे."

"पण तुम्ही बोलला का नाहीत?" मिलीमीटरांचा आवाज बारीक झाला होता.

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, आठ दिवसांत सवय होईल. मग मी म्हटलं, जावयाचं माप चुकायचं नाही, माझंच डोकं चुकत असेल."

त्यांनी चष्मा मागून घेतला, दिव्यापुढे धरला, पुढेमागे हलवला. मग डावीकडचं भिंग पाहिलं, उजवीकडचं पाहिलं. भिंगांची अदलाबदल झाली होती. उजव्या डोळ्याचं डाव्या खाचेत, डाव्याचं उजव्या. चष्मा बनवताना सासूबाईंशी गप्पा चालल्या होत्या, हेही त्यांना आठवलं.

ते तसेच दुकानात गेले आणि तासाभराने परत आले. दुरुस्त चष्मा त्यांनी दोन्ही हातांनी, एक केशरी आणि एक साधा, सासूबाईंना घातला.

सासूबाईंनी खोलीभर नजर फिरवली. "अगंबाई, छताला केवढी जळमटं!" लेकीकडे पाहून म्हणाल्या, "तू बारीक झालीस गं." मग जावयाकडे वळल्या. त्यांचा पडलेला चेहरा बराच वेळ निरखून पाहिला आणि म्हणाल्या, "असू दे हो. तुम्हीपण आमच्यासारखेच निघालात, मला बरंच वाटलं. आता तो कोबी सोडा बघू."

तिघांनी मिळून रबरं कापली. थंडीमुळे रंग नीट धरला नव्हता. धुताना निम्मा वाहून गेला. पण खरा घोटाळा वेगळाच होता. शर्ट दुहेरी दुमडून बांधल्यामुळे सूर्य एक नव्हे, दोन उमटले होते, बटणपट्टीच्या दोन्ही बाजूंना, तंतोतंत एकाच उंचीवर. मागेही दोन. शर्ट दोरीवर टांगला तर वाटे, एखादं मोठं घुबड सर्दी होऊन बसलंय.

"हे घालून मी दुकानात जायचं?"

"जायचंच," सासूबाई म्हणाल्या. "मला हसू आलंय, ते वाया नको."

सोमवारी ते छातीवर हात बांधूनच दुकानात शिरले. झेरॉक्सवाल्या बाईंनी ते हात सोडायला लावले, आणि त्यांच्या मशिनमधून कुणाच्या तरी दाखल्याच्या चाळीस प्रती निघेपर्यंत त्या हसत राहिल्या. मग म्हणाल्या, "चष्मेवाले, तुम्ही छातीवर चष्माच काढलात की! केवढी डोकेबाज जाहिरात!"

मिलीमीटरांनी तोंड उघडलं, थोडा विचार केला आणि मिटलं. आठवडाभर लोक काचेबाहेर थबकत. एका आजोबांनी तक्त्यासमोर बसून सांगितलं, "अक्षरं दिसतात, पण मधे कुणीतरी माझ्याकडे टक लावून बघतंय." त्यांना तपासताना मिलीमीटरांनी वरून स्वेटर चढवला, त्या उकाड्यात.

आठवडा संपला, पण उरलेल्या रंगाची पुडी सासूबाईंनी फेकू दिली नाही. त्यांना उशीचा अभ्रा हवा होता, आणि या वेळी जावयाने पट्टीला हात लावायचा नाही अशी अट होती. मिलीमीटरांनी डोळे घट्ट मिटून अभ्रा हवा तसा चुरगळला. त्यावर नक्की काय उमटलं याबद्दल घरात अजून एकमत नाही. बायको ढग म्हणते. सासूबाई ठामपणे म्हणतात, बदक. आणि तेही पाठमोरं.