रत्नप्रभाबाईंचं केदारदर्शन

घाटकोपरच्या त्या चाळीत रत्नप्रभाबाई म्हणजे खणखणीत नाणं. काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले, पण बाईंनी हातातली विळी सोडली नाही. मासे साफ करायच्या, भाकऱ्या थापायच्या, आणि नळावर भांडायला सगळ्यांच्या आधी हजर. कुणी ‘बिच्चारी’ म्हटलं, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

छप्पन्न साली चाळीतली माणसं बद्री-केदारला निघाली. बाईंनी नवऱ्याला सांगून टाकलं, “मी पण येणार.” धाकू गिरणीतला अबोल माणूस. “बरं,” म्हणाला. पण शेजारच्या खोलीतली धाकटी जाऊ वनमाला कसली गप्प बसते! “जाऊबाई, देवळं बघायला डोळे लागतात गो. तुम्हाला काय, घाटकोपर आणि हिमालय सारखंच!”

हे लागलं. फार लागलं. कारण बाईंना मनातून भीती तीच होती. एवढा डोंगर चढायचा, आणि देवाच्या दारात नुसती घंटा ऐकून परतायचं? मग दर्शन झालं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? पण गेल्या. मागं हटतील त्या रत्नप्रभाबाई कसल्या!

मोटार थांबली तिथून पुढं पायवाट. धाकूच्या खांद्यावर हात ठेवून बाई चालल्या. गुप्तकाशीच्या जुन्या देवळापाशी सगळे माना वर करून शिखर बघत होते. वनमालेचं “अगो बाय, केवढं हे!” चाललंच होतं. बाई भिंतीच्या दगडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. “गार आहे,” एवढंच म्हणाल्या.

केदारला पोचले तेव्हा बर्फावर ऊन नुसतं तळपत होतं. सगळ्यांचे डोळे दिपलेले. तसेच देवळात शिरले, आणि वाट लागली! आत काळोख, दिव्यांचा धूर, मागून रेटारेटी. धाकू गर्दीत मागं राहिला. वनमाला खांबावर आपटली आणि रडकुंडीला आली. “जाऊबाई, मला काही दिसत नाही गो!”

“मग ओरडतेस काय? हात दे. उंबरा आहे, पाय उचल.”

काळोखात वावरणं बाईंचं रोजचंच. जावेला ओढत त्या थेट गाभाऱ्यात गेल्या. पुजाऱ्यानं त्यांच्या तळहातावर तूप घातलं. तिथली रीतच तशी: भक्तानं आपल्या हातानं देवाला तूप लावायचं, त्याला मिठी मारायची. हे बाईंना कुणी सांगितलंच नव्हतं! गावच्या देवळात जन्मभर बाहेरूनच हात जोडलेले, आणि इथं चक्क देव कवेत. बाईंनी त्या खडबडीत दगडाला गाल लावला आणि ढसाढसा रडल्या. मग डोळे पुसले, वनमालेचा हात धरला आणि दगडावरून सावकाश फिरवला. “हा बघ. खाली रुंद आहे. वर निमुळता होत गेलाय. आणि इथं उंचवटा. नीट बघ, घाई करू नको.”

घाटकोपरला परतल्यावर बायकांचा घोळका वनमालेच्या खोलीत शिरला. “सांग ना गं, कसा आहे केदारनाथ?”

वनमालेनं सगळ्यांना उठवलं आणि शेजारच्या खोलीत नेलं. “ह्यांना विचारा. मला देव ह्यांनीच दाखवला.”

रत्नप्रभाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी तवा उतरवला, पदर खोचला आणि म्हणाल्या, “बसा सगळ्या. आणि हात पुढं करा.”