ओढ्यापलीकडची मार्चफुलं

लुव्हेनिया क्वार्ल्सनं एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, त्यामुळे तिच्या आवाजाला मधला गिअरच नव्हता. चर्चमध्ये ती हळूच प्रार्थना पुटपुटली तरी मागच्या बाकावरची माणसं ताठ बसत. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ही बाई मार्चच्या त्या शनिवारी टेलिफोनवर ओरडत होती, "फुललीत! आत्ताच्या आत्ता निघा!"

पलीकडे राज्याच्या वारसा कचेरीतली मेरेडिथ होती. तरुण पोर, आवाज लोण्यासारखा. "मिस लुव्हेनिया, गुरुवारी सकाळी दहाला येते. नक्की."

"दहा म्हणजे दहा! दहा वाजून एका मिनिटानं बस सुटते!"

प्रकरण असं होतं की, हार्डवेलचं अख्खं खोरं ऐतिहासिक म्हणून नोंदवायचं चाललं होतं. विटांच्या हवेल्या, तंबाखूची कोठारं, पाणचक्की, दगडी बांध, दोनशे वर्षांपासून त्याच जागी असलेली शेतं. मागच्या ऑगस्टात मेरेडिथनं पाहणी केली, नकाशा काढला. त्यावरची हद्दीची तुटक रेघ खोरंभर ऐटीत फिरली आणि ओढ्यापाशी येऊन, पाय भिजतील म्हणून की काय, मागे वळली. पलीकडच्या पिल्ग्रिमच्या टेकडीपुढे शेरा होता: 'झाडोरा. नोंदण्याजोगं काही नाही.'

लुव्हेनिया त्या 'काही नाही'मध्येच जन्मली होती. हवेल्यांच्या विटा ज्या गुलामांनी भाजल्या, त्यांनीच गुलामी संपल्यावर पैपै जोडून ती टेकडी विकत घेतली आणि वर अकरा घरं बांधली. पुढे पोरंबाळं पोटामागे बाल्टिमोरला, फिलाडेल्फियाला गेली. घरं बसली. काटेरी वेलींनी वस्ती गिळून ढेकर दिला. पण प्रत्येक घरच्या बाईनं अंगणाच्या कडेनं मार्चफुलं लावून ठेवली होती. पुस्तकात त्यांना डॅफोडिल म्हणतात, पण आमच्या खोऱ्यात त्या नावानं हाक मारलीत तर फूलसुद्धा वळून बघायचं नाही. माणसं गेली, छपरं गेली, ही हट्टी फुलं मात्र दर मार्चात वर येऊन झाडोऱ्यात पिवळेधमक चौकोन काढतात. इथे अंगण, इथे दार, इथून बाई पाण्याला जायची. सगळा कारभार दोन आठवड्यांचा! ऑगस्टात आलेल्या पोरीला काटे आणि गोचिडीच भेटल्या, त्यात तिचा काय दोष?

समितीची शेवटची बैठक त्या गुरुवारनंतरच्या सोमवारी होती. रेघ एकदा पक्की झाली की टेकडी कायमची बाहेर. म्हणजे उरला हा एकच गुरुवार!

रविवारी लुव्हेनियानं चर्चमध्ये उभं राहून दवंडी पिटली. "गुरुवारी टेकडीवर सरकारी पाहुणी येणार आहे! वस्तीची लाज राखा!"

घोटाळा झाला तो इथे. त्या चर्चच्या माणसांना पाहुणा म्हटलं की एकच गोष्ट सुचते, साफसफाई. उन्हाळ्यात बाहेरगावचे नातेवाईक येणार असले की ही मंडळी दफनभूमीतलं गवतसुद्धा विंचरून ठेवतात.

बुधवारी दुपारी लुव्हेनियानं ओव्हनमध्ये केक सरकवला आणि तेवढ्यात तिच्या कानावर टेकडीकडून घरघर आली. ती पिकअपमध्ये बसली आणि शाळेच्या बसला कधीच परवानगी नव्हती अशा वेगानं वर पोचली. पाहते तो काय! तिचा साठीचा भाचा थर्मन, चर्चचा डीकन म्हणजे पाद्र्याचा मदतनीस, ट्रॅक्टरमागे झुडपं कापायचं यंत्र जोडून शीळ घालत चाललेला.

"थर्म्या! बंद कर ते!"

"आत्या, थांब गं! सात घरं झाली, चारच राहिलीत. संध्याकाळपर्यंत टेकडी कशी न्हाव्याकडून आल्यासारखी दिसेल बघ!"

सात अंगणांवर फुलांचा पिवळा चुरा पडला होता.

"अरे मेल्या, ती फुलं दाखवायला तर बोलावलंय तिला!"

"तूच म्हणालीस, लाज राखा."

"राखा म्हणाले! भादरा म्हणाले का?"

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! तरीही थर्मननं पाय क्लचवर ठेवून पाहिला. "आत्या, आता चार तेवढी ठेवून काय करायचीत? एकसारखं तरी दिसू दे."

लुव्हेनिया सरळ ट्रॅक्टरपुढे ओल्या मातीत बसली.

"उठ गं, थंडी बाधेल."

"चालव! चालव माझ्या अंगावरून! मग रविवारी माझ्यासाठी प्रार्थना पण तूच सांग!"

थर्मननं इंजिन बंद केलं. मग लुव्हेनिया बोलली. इतक्या हळू, की त्याला खाली उतरून जवळ यावं लागलं. "आई म्हणायची, आपण कुठल्याच कागदावर नाही. मी म्हटलं होतं, मी घालीन. आता काय दाखवू तिला?" थर्मननं टोपी काढली आणि तिच्याशेजारी चिखलात बसला. घरी केकचा कोळसा झाला.

गुरुवारी दहाला दोन मिनिटं कमी असताना मेरेडिथ आली. लुव्हेनियानं नुसतं बोट दाखवलं. मेरेडिथ कापलेल्या रानात दहा पावलं गेली आणि ठेचकाळली.

"मिस लुव्हेनिया, हे काय आहे?"

"दगड."

"पण ओळीत आहेत!" पोर गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी माती उकरू लागली. "हा पाया आहे! ही बघा चुलाण्याची बैठक! ऑगस्टात मला इथे पाऊलसुद्धा टाकता आलं नव्हतं!" तिनं कोट फेकला, मोजपट्टीचं एक टोक थर्मनच्या हातात कोंबलं आणि मग जी धावपळ सुरू झाली! पायऱ्या सापडल्या, विहिरीचं कडं सापडलं, घराघरांतून ओढ्याकडे उतरणारी, पायांनी खोल झालेली वाट सापडली. आपल्या यंत्राच्या पात्याला थर्मन जिवापाड जपायचा, म्हणून दगड दिसला की वळसा घालायचा. त्यामुळे प्रत्येक पायरीशी मूठभर मार्चफुलं शाबूत होती! न कापलेल्या चार ठिकाणी तर अख्खे चौकोन डोलत होते. मेरेडिथनं कापलेल्या अंगणांची मापं त्यांच्याशी जुळवली, एकेका चौकोनाच्या मधोमध काट्यांत हात खुपसला आणि दर वेळी किंचाळली, "इथेही आहे! दगड आहे!"

"अकरा!" लुव्हेनियाचा आवाज परत आला आणि झाडावरचे कावळे उडाले. "सांगितलं होतं ना, अकरा!"

"आत्या, म्हणजे मी बरोबरच केलं," थर्मन छाती काढून म्हणाला.

"गप्प बस! आंधळ्यानं मारला खडा!"

"नावं सांगाल?" मेरेडिथनं वही उघडली. "कोणतं घर कुणाचं?"

नावं! अख्खी दुपार पुरली नाही. चौथ्या घरावरून आत्या-भाच्यांचं असं जुंपलं की मेरेडिथनं निमूटपणे दोन्ही नावं लिहून घेतली.

सोमवारी बैठक अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये भरली. लुव्हेनिया पहिल्या रांगेत, हॅट घालून, हातात तीन पानी भाषण. मेरेडिथनं नवा नकाशा टांगला. तुटक रेघ ओढ्यात उतरली होती, पलीकडे चढली होती आणि टेकडीला पुरता वळसा घालून परत आली होती. अध्यक्षांनी चष्मा वर केला, विचारलं, कुणाचा विरोध? कुणाचाच नाही. मंजूर. दीड मिनिटात पुढचा विषय!

"थांबा!" लुव्हेनिया कडाडली. हॉलमधली निम्मी माणसं कधी ना कधी तिच्या बसमधून शाळेला गेलेली. ती जागच्या जागी ताठ झाली.

"मिस लुव्हेनिया, तुमचं काम झालंय," अध्यक्ष म्हणाले.

"माहितीये. पण मी तीन पानं लिहून आणलीत!"

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्या हॅटकडे, आणि हात जोडून खाली बसले. लुव्हेनियानं चष्मा पुसला, घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली, "घर पहिलं. इसेया क्वार्ल्स, वीटभट्टीवाला, आणि त्याची बायको डिलाया, जिनं फुलं लावली…"