डोमाजी कंडक्टरची लांजीची मंडई

बालाघाट ते लांजी या रस्त्यावर डोमाजीने एकतीस वर्षं बसची तिकिटं फाडली. मालक दोनदा बदलले, गाड्या चारदा बदलल्या, डोमाजी मात्र तोच. कानावर पेन, खिशात चिल्लर, आणि आवाज असा की टपावर बसलेल्यालाही आपला फाटा आल्याचं कळावं. कुणाची लेक कुठं दिली, कोण कुठल्या फाट्यावर उतरतो, हे त्याला तोंडपाठ.

दिवाळी झाली की लांजीची मंडई, म्हणजे वर्षाची जत्रा. त्या दिवशी गाडीत पाय ठेवायला जागा नसे. नव्या लुगड्यातल्या बाया, सासरी निघालेले जावई, कडेवरची पोरं, सगळ्यांना डोमाजी दारात लोंबकळत लांजीला पोचवायचा आणि वीस मिनिटांत गाडी घेऊन परत फिरायचा. मंडई म्हणजे त्याच्या लेखी दोन जादा फेऱ्या. मंडईत तो स्वतः कधी शिरला नव्हता.

स्टँडवर नथ्थूची चहाची टपरी होती. त्यांची दोस्ती त्या वीस-वीस मिनिटांत वाढलेली. यंदा मुक्कामाला ये, असं नथ्थू दरवर्षी म्हणायचा आणि डोमाजी दरवर्षी हौ म्हणून गाडीत चढायचा. पण या पावसाळ्यात गुडघे कुरकुरायला लागले, नोकरी सुटली, आणि मंडईला डोमाजी पहिल्यांदा तिकीट काढून खिडकीशी बसला.

बसला कसला! गाडी शहराबाहेर पडेपर्यंत तो कसाबसा टिकला. मग नवा कंडक्टर गर्दीत अडकलेला पाहून त्याच्याने राहवेना. तो उठला, दोघींना पोरं मांडीवर घ्यायला लावली, एका जावयाची पेटी सीटखाली सरकवली आणि चार माणसांची जागा करून दिली. तेवढ्यात त्याची स्वतःची जागा कुणीतरी पटकावली. लांजीपर्यंत तो उभाच आला, आणि खुशीत आला.

नथ्थूच्या घरी कमलावहिनीने सकाळपासूनच चूल पेटवली होती. मंडईच्या दिवशी लांजीत पाव्हण्यावाचून घर नसतं. जेवण झाल्यावर नथ्थूने बेत सांगितला: आधी किल्ला पाहायचा, मग बाजार, मग रात्री दंडारीचा नाचगाण्याचा खेळ.

डोमाजी चपापला. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "किल्ला राहू दे, नथ्थू. तेवढा चढ मले नाई होत."

"चढ? कोठचा चढ बे?" नथ्थूने विचारलं.

नथ्थूने त्याला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि दहा मिनिटांत किल्ल्याच्या दाराशी उतरवलं. जमीन सपाट होती. समोर जुना दगडी तट, त्यातून उगवलेली झाडं, आत गवत, आणि गवतावर डबे उघडून बसलेली माणसं. डोमाजी दारातच थबकला.

मग त्याने खरं सांगून टाकलं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका म्हाताऱ्याने विचारलं होतं, किल्ल्याला जाणं जमेल का? आपल्याला ठाऊक नाही म्हणायची लाज वाटली. किल्ला म्हटल्यावर डोंगरावरच असणार, म्हणून त्याने ठोकून दिलं की लई पायऱ्या हायेत. एकदा सांगितलं ते सांगतच राहिला. पुढं पुढं त्याचं त्यालाच ते खरं वाटायला लागलं. किती म्हाताऱ्याकोताऱ्यांना त्याने स्टँडवरूनच माघारी धाडलं असेल, हिशेब नाही.

नथ्थू इतका हसला की त्याला तटाचा आधार घ्यावा लागला. डोमाजीही हसला, पण त्याचं हसू अर्ध्यावरच विरलं. त्याला शेवंताबाई आठवल्या होत्या. बालाघाटच्या या बाई लांजीला दिलेल्या लेकीकडे दरसाल मंडईला यायच्या. किल्ला पाहायची त्यांना भारी हौस, आणि दरसाल डोमाजीच त्यांना म्हणायचा, "तुमच्या पायानं नाई होत, आजी."

बाजारात डोमाजीचं लक्ष पाळण्यांकडे नव्हतं की जिलेबीकडे. गर्दीतून तो पांढरं डोकं शोधत फिरला. पावलापावलाला जुने प्रवासी थांबवून परतीची शेवटची गाडी कधी, म्हणून विचारत होते, आणि तो चालता चालताच वेळा सांगत होता. शेवटी बांगड्यांच्या दुकानाशी शेवंताबाई सापडल्या. त्यांनी जयभीम घातला आणि विचारलं, "गाडी सोडून इकडं काहून फिरून राह्यले, भाऊ?"

डोमाजीने जयभीम घेतला, टोपी काढली आणि सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. हातातली बांगडी बाईंनी परत ठेवली.

"म्हंजे चढ नाईच?"

"नाई, आजी. पायरी पन नाई."

"एवढे साल तू मले फसवलं," त्या म्हणाल्या. मग पदर खोचला. "चाल आता. दाखव."

नथ्थूने मोटारसायकल दिली. शेवंताबाईंना मागे बसवून डोमाजीने ती इतकी हळू चालवली की सायकलवाले पुढं निघून गेले. किल्ल्यात बाई तटाला हात लावत लावत फिरल्या, लांजकाईच्या देवळापर्यंत जाऊन आल्या, दमल्या नाहीत. डोमाजीच तीनदा खाली बसला. शेवटी झाडाखाली बसून त्यांनी पिशवीतून उकडलेले शिंगाडे काढले आणि सोलून अर्धे त्याच्या पुढ्यात ठेवले.

"लामत्याकडचं ढुटीचं धरन लई मोठं हाय म्हंतेत," त्या म्हणाल्या. "तिथं चढ हाय का?"

डोमाजी शिंगाडा गिळून म्हणाला, "मले मालूम नाई, आजी. मी पाह्यलं नाई."

"मंग पाहून येऊ," शेवंताबाई म्हणाल्या.

पुढच्या इतवारी नथ्थू आणि कमलावहिनी सकाळच्या पहिल्या गाडीने बालाघाटला आले आणि चौघं मिळून लामत्याच्या रेल्वेत बसले. कमलावहिनीने भाकरीचा डबा आणला होता. डोमाजीने यावेळी कुणालाही जागा करून दिली नाही. खिडकीशी बसून तो पिकलेलं धान पाहत राहिला, आणि लामता कधी आलं ते त्याला शेवंताबाईंनी सांगितलं.