मी बाबांना रांगेबाहेर काढलं

मित्रांनो, आज विधानसभेचं मतदान होतं. कारखान्याच्या जुन्या कामगारवस्तीत, कॅम्प-वनच्या केंद्रावर लांब रांग होती. "दादाजी, आप आगे जाइए," पोलीस म्हणाला. बाबा हलेनात.

"मी रांगेतच ठीक आहो."

"तमाशा कावून करता, बाबा? लोक पाहून राहिले," म्हणत मी त्यांना हाताला धरून पुढे नेलं.

मत देऊन परतताना ते हळूच म्हणाले, "गावात जात पाहून आमाले बाजूले उभं करत. इथं कारखाना बनून राहिला होता, तवा कामाले आलो अन् तंबूत वोट टाकला. पुढं आमच्या पाटलाचा पोरगा, मागं मी. एकच लाइन. आज तूच मले बाहेर काढलं."

घरी त्यांनी नेहमीसारखा चहा मागितला. मी दिला. माफी अजून मागता आली नाही. तुम्ही कशी मागितली असती?